घटक ४ : परदेशी विद्यापीठात रुजताना – ज्ञानभाषेतील प्रवेश

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• सरावणे, रुळणे आणि रुजणे या क्रियापदांतील अर्थभेद सांगता येईल;
• भाषेचे कार्यक्षेत्र आणि प्रयुक्ती या संकल्पना उदाहरणांसह स्पष्ट करता येतील;
• श्रीधर व्यंकटेश केतकर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अमेरिकेतील विद्यार्थीजीवनाचे भाषिक अंगाने विवेचन करता येईल;
• एकच अनुभव दोन भिन्न प्रयुक्तींत मांडला असता काय बदलते, याचा विचार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बोली आणि प्रमाणभाषा यांच्या परस्परसंबंधाचा परिचय आपणांस आहे. प्रस्तुत घटकात त्याच प्रश्नाकडे आपण एका वेगळ्या वाटेने जाणार आहोत. ही वाट परदेशी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्याची आहे.

नागपुरात सीताबर्डीवरून चालताना परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या आणि इंग्रजीच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणाऱ्या वर्गांच्या पाट्या आपण पाहिल्या असतील. तेथे जाणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना पडणारे प्रश्न बहुतेक व्यवहारातले असतात. राहावयाचे कोठे, जेवणाचे काय, थंडी कितपत, खर्च किती, हे प्रश्न खरेच आहेत. परंतु या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरही एक प्रश्न शिल्लक राहतो : ज्या ठिकाणी ज्ञानाची चर्चा चालते, तेथे आपण बोलू लागतो ते केव्हा आणि कसे? या घटकाचा विषय हा शिल्लक राहिलेला प्रश्न आहे.

तुमच्यापैकी अनेकांचे शिक्षण मध्येच थांबले असेल. नोकरी, शेती, संसार सांभाळून तुम्ही पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे. समुद्र ओलांडून जाणाऱ्या विद्यार्थ्याची कथा तुम्हांला दूरची वाटण्याचा संभव आहे. ती तितकीशी दूरची नाही, हे या घटकाच्या अखेरीस तुमच्या ध्यानात येईल.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ सरावणे, रुळणे, रुजणे

नव्या ठिकाणी स्थिर होण्याच्या प्रक्रियेसाठी मराठीत एकच शब्द नाही, आणि ही मराठीची श्रीमंती आहे. हात कामाला 'सरावतो'. येथे भर सवयीवर आहे. नवी सून सासरी 'रुळते'. येथे भर परकेपण जाण्यावर, माणसांत वावर सहज होण्यावर आहे. बी मात्र 'रुजते'. रुजणाऱ्या बीजाला नव्या मातीतून पोषण मिळते. पण त्यातून उगवते ते त्या बीजाचेच झाड. माती बदलली म्हणून ज्वारीच्या दाण्यातून गहू येत नाही. आपल्या विवेचनासाठी आपण या तीन क्रियापदांना तीन पायऱ्या मानू.

यांच्या जोडीला दोन भाषावैज्ञानिक संकल्पना घेऊ. घर, बाजार, कचेरी, वर्ग, प्रार्थनास्थळ अशी जीवनाची जी वेगवेगळी क्षेत्रे असतात, त्यांना भाषेची 'कार्यक्षेत्रे' म्हणतात. एखाद्या कार्यक्षेत्रात, विशिष्ट प्रयोजनासाठी रूढ झालेल्या भाषारूपाला 'प्रयुक्ती' म्हणतात. नागपूरचा माणूस घरी सांगतो, "बर्डीवर जाऊन येतो." तोच माणूस अर्जावर पत्ता लिहिताना 'सीताबर्डी' असे लिहितो. तो मित्राला म्हणतो, "मी अभ्यास करून राहिलो", उत्तरपत्रिकेत लिहितो, "मी अभ्यास करीत आहे." यातील पहिले अशुद्ध आणि दुसरे शुद्ध असे नसून दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. जागा ओळखून रूप निवडणे, हे भाषिक सामर्थ्य होय.

परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यापुढे अनेक नवी कार्यक्षेत्रे एकाच वेळी उभी राहतात. खानावळीतील भाषा काही आठवड्यांत येते, वर्गातील व्याख्यान काही महिन्यांत कळू लागते. चर्चेत स्वतःचे मत मांडण्याची भाषा सर्वांत शेवटी येते. पहिली दोन सरावण्याची आणि रुळण्याची लक्षणे; तिसरे रुजण्याचे.

४.३.२ इथाका : केतकरांची वाट

ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूर येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण अमरावतीस आणि पुढील शिक्षण मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले. १९०६ साली ते अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क राज्यातील इथाका या गावी असलेल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी अध्ययन केले. सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानाचे साहाय्य त्यांना लाभले. १९११ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्यांनी अभ्यासासाठी निवडलेला विषय आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अमेरिकेत बसून त्यांनी भारतातील जातिसंस्थेचा इतिहास अभ्यासला आणि त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. वऱ्हाडातील तरुणाने लहानपणापासून भोवती पाहिलेली व्यवस्था येथे 'अभ्यासाचा विषय' झाली होती. गावात जात सांगावी लागत नाही, ती सर्वांना ठाऊक असते. इथाकात मात्र ती व्याख्येपासून सांगावी लागते. ज्याची व्याख्या करण्याची घरी कधी गरज पडली नाही, त्याची व्याख्या करावी लागणे, ही परदेशी विद्यापीठाने विद्यार्थ्याला दिलेली मोठी शिकवण असते.

४.३.३ न्यूयॉर्क : आंबेडकरांची वाट

केतकरांनंतर सात वर्षांनी, १९१३ सालच्या जुलै महिन्यात, भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे वडील निवर्तले होते. बडोदा संस्थानाने त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. तिच्या मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. या तुटपुंज्या रकमेतून त्यांना घरीही पैसे पाठवावे लागत.

पहिली पायरी सरावण्याची. आरंभी ते विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. तेथील जेवण मानवेना, म्हणून ते काही भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासमवेत त्यांनी बिऱ्हाड केले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. पहिले काही महिने मित्रमंडळी, खेळ आणि फिरणे यांत गेले आणि मग आपण येथे कशासाठी आलो आहोत या विचाराने त्यांनी स्वतःला अभ्यासात झोकून दिले, असे चरित्रकार सांगतात.

दुसरी पायरी रुळण्याची. कोलंबिया विद्यापीठातील तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा प्रत्येकी एक. एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल, अलेक्झांडर गोल्डनवायझर हे त्यांचे अध्यापक होते.

या यादीतील शेवटच्या दोन नोंदींकडे भाषेच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे. मुंबईत शाळेत असताना आंबेडकरांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकविण्यास नकार मिळाला आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. ज्या देशाची संस्कृत ही ज्ञानभाषा, त्याच देशात जन्मामुळे तिचे दार बंद. आणि हजारो मैलांवरील विद्यापीठात फ्रेंच व जर्मन यांचे प्राथमिक वर्ग कोणालाही खुले. भाषा अवघड असल्यामुळे माणूस तिच्याबाहेर राहतो, असे आपण सहज म्हणतो. पुष्कळदा भाषा अवघड नसते, तिच्या दारावर पहारा असतो.

याच काळात न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुलग्यांबरोबर मुलींच्याही शिक्षणाचा आग्रह धरला. स्वतः नव्या जागी पाय रोवत असतानाच, येथे दिसलेले घरी कसे नेता येईल, हा विचार सुरू झालेला दिसतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
(अ) 'रुळणे' आणि 'रुजणे' यांतील फरक दोन वाक्यांत सांगा.
(आ) प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांच्या वर्गांना आंबेडकरांच्या बाबतीत विशेष अर्थ का प्राप्त होतो?

४.३.४ तिसरी पायरी : ९ मे १९१६

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली होती. व्याख्यान ऐकावे, ग्रंथ वाचावा आणि परीक्षा द्यावी, असा तेथील विद्यार्थ्याचा क्रम असे. अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षणात चर्चासत्राला महत्त्व होते. विद्यार्थ्याने निबंध वाचावयाचा आणि अध्यापकांनी व सहाध्यायांनी त्याची तपासणी करावयाची, अशी ही पद्धत. ऐकणाऱ्याला येथे बोलणारा व्हावे लागते.

गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास या विषयावर निबंध वाचला. पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. या निबंधाची भाषिक घडण पाहण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट, आरंभ. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी भारत पाहिलेला नाही, हे निबंधकार जाणतो. म्हणून तो मानवी संस्कृतीतील वस्तूंच्या प्रदर्शनांपासून सुरुवात करतो आणि तेथून मानवी संस्थांच्या प्रदर्शनाच्या कल्पनेकडे येतो. श्रोत्याला जेथून वाट सापडेल, तेथून तो बोलावयास लागतो.

दुसरी गोष्ट, पूर्वसूरींची दखल. सेनार, नेसफील्ड, रिस्ले यांच्या व्याख्या तो तपासतो आणि चौथी व्याख्या घेतो ती केतकरांची. केतकर हे त्या समाजातीलच असून त्यांनी विषय मोकळ्या मनाने हाताळला, याची तो आदराने नोंद घेतो. जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि जातीबाहेर विवाहास बंदी, अशी दोन लक्षणे केतकरांनी सांगितली होती. आंबेडकरांचे म्हणणे असे, की ही लक्षणे दोन नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर विवाह बंद केला की सदस्यत्व आपोआप जन्मावर येते. आदर आणि मतभेद एकाच परिच्छेदात नांदू शकतात, हा शास्त्रीय प्रयुक्तीचा मोठा गुण येथे दिसतो.

तिसरी गोष्ट, परिभाषा. सारा निबंध 'अंतर्विवाह' या एका संज्ञेभोवती उभा आहे. गटाबाहेर विवाह करण्याच्या जुन्या रीतीवर गटातच विवाह करण्याचे बंधन लादले गेले, म्हणजे जात निर्माण झाली. ते बंधन टिकविण्यासाठी गटातील स्त्री-पुरुषांची संख्या समतोल ठेवावी लागते; सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्या गरजेतून आल्या, असे प्रतिपादन त्यांनी केले. घरोघरी 'रूढी' किंवा 'धर्म' या नावाने चालणाऱ्या गोष्टी परिभाषेत आल्याबरोबर कारण आणि कार्य अशा दिसू लागतात. ज्याला कारण आहे, ते बदलताही येते.

चौथी गोष्ट, 'मी'ची अनुपस्थिती. बसावयास घरून तरट न्यावे लागलेल्या, शाळेत पाण्याला हात लावू न दिलेल्या मुलाची कहाणी या निबंधात कोठेही नाही. प्रयुक्तीच्या संकेतानुसार ती तेथे येऊ शकत नव्हती. पण प्रश्न मात्र त्याच मुलाचा आहे. मातीत दडलेले बीज दिसत नाही, म्हणून ते नसते असे नाही.

शास्त्रीय प्रयुक्तीचे संकेत नवख्याला बांधतात, तसे ते त्याला सामर्थ्यही देतात. याचे आणखी एक उदाहरण इरावती कर्वे यांचे आहे. त्यांनी बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीवर संशोधन केले आणि १९३० साली डॉक्टरेट मिळविली. वंशभेदाविषयीच्या मार्गदर्शकाच्या गृहीतकाला त्यांच्या मोजमापांनी दुजोरा दिला नाही. परक्या देशातील विद्यार्थिनीने गुरूला नुसते 'नाही' म्हणणे कठीण होते. आकडे मांडून ते म्हणता आले.

४.३.५ परतणे

रुजण्याची कथा परतण्याशिवाय पूर्ण होत नाही. कोलंबियानंतर आंबेडकर लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना परतावे लागले आणि करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. न्यूयॉर्कमध्ये ज्यांना खोली मिळाली होती, त्यांना बडोद्यात मिळेना. अखेर ते एका पारशी विश्रामगृहात पारशी नावाने राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी मिळेपर्यंतचा वेळ त्यांनी सार्वजनिक बागेत काढला.

हा प्रसंग त्यांनी पुढे, १९३५ च्या सुमारास, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर इंग्रजी लेखनात सांगितला. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच पुसली गेली होती, असे ते तेथे नोंदवितात. म्हणजे स्टेशनवर उतरल्यावर 'मी कोठे जाऊ?' हा प्रश्न ज्याला पडला, तो मनुष्य परदेशी रुजलेला आणि घरी निराश्रित होता.

या लेखनाच्या शीर्षकाचा विचार करा. व्हिसा हा परक्या देशात प्रवेश करणाऱ्याला लागणारा परवाना. विदेशी वाचकाला अस्पृश्यता समजावी म्हणून लिहिलेल्या मजकुराला लेखकाने हे नाव दिले, आणि तो वाट पाहतो आहे स्वतःच्याच देशात. परदेशप्रवासाच्या कार्यक्षेत्रातील एक शब्द घरच्या कार्यक्षेत्रात आणून ठेवल्याबरोबर परके कोण आणि आपले कोण, हा प्रश्न उघडा पडतो.

आता १९१६ चा निबंध आणि हे आत्मपर लेखन शेजारी ठेवून वाचा. एकात 'मी' नाही, कारणमीमांसा आहे. दुसऱ्यात कारणमीमांसा नाही, 'मी' आहे. दोहोंचा विषय एकच. पहिले लेखन जात कशी चालते ते सांगते, दुसरे ती अंगावर कशी येते ते सांगते. यांपैकी एक खरे आणि दुसरे कमी खरे असे म्हणता येणार नाही.

४.३.६ मराठीत परतणे

परतण्याची दुसरी बाजू भाषेची आहे. केतकरांनी अमेरिकेत इंग्रजीतून मिळविलेले ज्ञान मराठीत आणण्याचा संकल्प केला. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या कार्याचा आरंभ १९१६ साली नागपुरात झाला आणि पुढे ते पुण्यास हलले. तेवीस खंडांच्या या कार्यात अनेक शास्त्रांसाठी मराठी परिभाषा योजावी लागली. ज्या वर्षी आंबेडकर न्यूयॉर्कमध्ये केतकरांची व्याख्या तपासत होते, त्याच वर्षी केतकर नागपुरात मराठी ज्ञानभाषेची पायाभरणी करीत होते, हा योगायोग ध्यानात ठेवावा.

आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक मराठीतून सुरू केले आणि त्यानंतर अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. चर्चासत्रातील दहा-वीस श्रोत्यांसाठी कमावलेली विश्लेषणाची रीत आता ज्यांना बोलू दिले गेले नव्हते त्यांच्या भाषेत उतरली. ऑक्टोबर १९५६ मध्ये ते नागपुरास आले, तेव्हा त्यांचा मुक्काम सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात होता. १४ ऑक्टोबरला लाखोंच्या समुदायाला त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मराठीत होत्या. दुसऱ्या दिवशीचे दीर्घ भाषणही मराठीतच झाले. प्रतिज्ञा ही चर्चासत्रातील निबंधाहून सर्वस्वी भिन्न प्रयुक्ती. तीत प्रत्येक वाक्याचा कर्ता 'मी' असतो. १९१६ च्या निबंधात ज्याला जागा नव्हती तो 'मी' येथे हजारोंच्या मुखातून उच्चारला गेला.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
(अ) १९१६ च्या निबंधातील शास्त्रीय प्रयुक्तीची कोणतीही तीन लक्षणे सांगा.
(आ) 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या शीर्षकातील 'व्हिसा' हा शब्द अर्थपूर्ण का ठरतो?

४.३.७ आपली वाट

विद्यार्थी मित्रहो, या अभ्यासक्रमाची पुस्तिका प्रथम उघडली तेव्हा 'विवेचन', 'संकल्पना', 'प्रतिपादन' हे शब्द तुम्हांला परके वाटले असतील. संपर्कसत्रात प्रश्न विचारावासा वाटूनही, "आपली भाषा बरोबर नाही" या संकोचाने तुमच्यापैकी अनेक जण गप्प बसतात. अध्यापक म्हणून मी हे वर्षानुवर्षे पाहिले आहे. ज्ञानभाषा ही मातृभाषेतही एक परका प्रांत असते. तेथे जन्मतः कोणीच राहत नाही. प्रत्येकाला जाऊनच राहावे लागते.

या प्रांतात रुजण्यासाठी वरील विवेचनातून तीन सूत्रे मिळतात. प्रथम, सरावण्याला वेळ द्या. रोज थोडे वाचन, थोडे लेखन, नव्या संज्ञा स्वतःच्या वाक्यात वापरून पाहणे, याला पर्याय नाही. दुसरे, रुळण्यासाठी माणसे लागतात. एकट्याने अभ्यास करणाऱ्याने निदान एक सहाध्यायी शोधावा. तिसरे आणि महत्त्वाचे, स्वतःचा प्रश्न बरोबर आणा. शेतमजुरीचा हिशेब, दवाखान्यातील रांग, सासर-माहेरच्या बोलीतील फरक, बाजारातील घासाघीस, यांतील काहीही अभ्यासाचा विषय होऊ शकते. त्याची व्याख्या करा, पूर्वी कोणी काय म्हटले ते पाहा, कारणे शोधा. आणि निबंधाच्या अखेरीस आंबेडकरांनी म्हटले तसे, आपले प्रतिपादन चुकीचे ठरल्यास ते सोडण्याची तयारी ठेवा.

घरची बोली सोडून ज्ञानभाषा घ्यावी लागते, हा समज मात्र मनातून काढून टाका. "मी वाचून राहिलो" म्हणणाराच "मी वाचीत आहे" असे लिहितो. जो दोन्ही म्हणू शकतो, त्याच्याजवळ एक भाषारूप अधिक असते.

४.४ सारांश

परदेशी विद्यापीठात स्थिर होणे ही केवळ राहण्या-जेवण्याची बाब नसून ज्ञानव्यवहारात बोलण्याचा अधिकार मिळविण्याची प्रक्रिया आहे. सरावणे, रुळणे, रुजणे या तिच्या तीन पायऱ्या होत. केतकर आणि आंबेडकर यांनी आपापल्या समाजातील प्रश्न अमेरिकेतील विद्यापीठांत नेला, तेथील शास्त्रीय प्रयुक्तीत मांडला आणि ते सामर्थ्य पुढे मराठीत आणले. आंबेडकरांचा बडोद्यातील अनुभव दाखवितो, की परदेशी रुजलेल्याला घरी जागा मिळेलच असे नाही. एकच अनुभव शास्त्रीय निबंधात, आत्मपर लेखनात आणि प्रतिज्ञेत भिन्न रूपे घेतो. प्रौढ विद्यार्थ्याचा ज्ञानभाषेतील प्रवेश ही याच प्रक्रियेची दुसरी आवृत्ती होय.

४.५ पारिभाषिक शब्द

कार्यक्षेत्र : जीवनव्यवहारातील असे क्षेत्र, जेथे भाषेचे विशिष्ट रूप अपेक्षित असते.
प्रयुक्ती : विशिष्ट कार्यक्षेत्रात व प्रयोजनासाठी रूढ झालेले भाषारूप.
परिभाषा : एखाद्या शास्त्रात निश्चित अर्थाने वापरल्या जाणाऱ्या संज्ञांचा समूह.
अंतर्विवाह : स्वतःच्या गटातच विवाह करण्याचे बंधन.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) रुळणे म्हणजे नव्या ठिकाणचे परकेपण जाऊन वावर सहज होणे. रुजणे म्हणजे नव्या मातीतून पोषण घेऊन स्वतःचे असे काही उगवणे. (आ) मुंबईत जन्माच्या कारणाने त्यांना संस्कृत नाकारली गेली. कोलंबियात नव्या भाषांचे वर्ग त्यांना खुले होते.

प्रश्न २ : (अ) पूर्वसूरींच्या व्याख्यांची तपासणी, निश्चित परिभाषेचा वापर, वैयक्तिक 'मी'ची अनुपस्थिती. (आ) परक्या देशातील प्रवेशासाठी लागणाऱ्या परवान्याचा शब्द स्वतःच्या देशातील वास्तव्यासाठी वापरल्याने अस्पृश्यतेतील परकेपण ठळक होते.

४.७ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. 'भाषा पुष्कळदा अवघड नसते, तिच्या दारावर पहारा असतो.' या विधानाची प्रस्तुत घटकाच्या आधारे चर्चा करा.
२. 'शास्त्रीय प्रयुक्तीतील "मी"ची अनुपस्थिती' यावर टीप लिहा.
३. स्वतःच्या कामाच्या ठिकाणचा एक अनुभव प्रथम आपल्या बोलीत, 'मी' वापरून, दहा ओळींत लिहा. नंतर तोच अनुभव 'मी' न वापरता, कारण आणि परिणाम स्पष्ट करीत, दहा ओळींत लिहा. पहिल्यातील काय दुसऱ्यात येऊ शकले नाही आणि दुसऱ्यात नवे काय दिसले, ते पाच ओळींत नोंदवा.
४. क्षेत्रीय कार्य : शिक्षणासाठी गाव, राज्य किंवा देश सोडलेल्या एखाद्या व्यक्तीची मुलाखत घ्या. नव्या ठिकाणी चारचौघांत स्वतःचे मत प्रथम केव्हा मांडले, हा प्रश्न तिला अवश्य विचारा आणि तिची उत्तरे तिच्याच शब्दांत लिहून काढा.